बिरदेव घोंगडीवाल्याचे हात

श्रीशैल मेडिकलवाल्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर बिरदेव त्याला पहिल्यांदा भेटला त्या दुपारी सोलापूरचं तापमान एकोणपन्नास होतं. हाच आकडा तो पाच वर्षांपूर्वी सेहेचाळीस सांगायचा, आणि ज्या आठवड्यात भेट झाली त्या आठवड्यात बेचाळीस. म्हणजे ती एकच दुपार गेली अकरा वर्षं सारखी तापतच चालली आहे. त्या वेळी म्हणे शुक्रवार पेठेतलं डांबर पातळ होऊन गटाराकडे निघालं होतं, कावळे विजेच्या तारेवर बसल्या बसल्या बेशुद्ध पडले होते, आणि श्रीशैलच्या मेडिकलमधल्या खोकल्याच्या औषधाला बाटलीतल्या बाटलीत उकळी फुटली होती. श्रीशैल काउंटरमागे पंख्याखाली डुलकी घेत होता. एवढ्यात दुकानात अंधार झाला.

दारात एक काळंभोर, केसाळ, दाराइतकंच रुंद जनावर उभं होतं.

श्रीशैलच्या घरी कानडी बोलतात, आणि माणूस घाबरला की घरच्या भाषेत घाबरतो. अस्वलाला कानडीत करडी म्हणतात. 'करडी, करडी' करत तो ग्लुकोजचा डबा उगारून स्टुलावर चढला. अस्वल दोन पावलं आत आलं, त्यानं डोक्यावरचं कातडं मागं सारलं आणि विचारलं,

"मालक, पानी मिळंल का वाईच?"

एकावर एक सात घोंगड्या पांघरलेला आणि आत स्वतः खराट्याच्या काडीएवढा असलेला तो माणूस तीन तांबे पाणी प्याला. मग त्यानं स्टुलावरच्या श्रीशैलला खाली उतरून बसायला सांगितलं, जणू दुकान त्याचंच होतं. एवढ्या उन्हात हे अंगावर कसं सोसवतं, असं श्रीशैलनं विचारलं. तीच त्याची चूक झाली. लोकर थंडीला बाहेर ठेवते तशी उन्हालाही बाहेरच ठेवते, हे बिरदेवनं त्याला समजावून सांगितलं. मग मेंढीच्या जातीपासून सुरुवात करून घोंगडीच्या काठापर्यंत सगळं सांगितलं. अर्ध्या तासानं श्रीशैलकडे एक घोंगडी होती, जिची त्याला काहीही गरज नव्हती. त्या दुपारी मेडिकलमध्ये एकच विक्री झाली आणि ती गिऱ्हाइकानं दुकानदाराला केली.

पुढच्या महिन्यात बिरदेवनं समोरचाच सहा फुटी गाळा भाड्यानं घेतला.

तो मूळचा सांगोल्याकडचा. बापाची मेंढरं होती, भावाभावांत वाटणी झाली. दोघा भावांनी मेंढरं घेतली, आणि यानं मेंढरांऐवजी त्यांची लोकर दर वर्षी आपल्याला द्यायची असा करार करून घेतला. चार पायांवर पळून जाणारी मालमत्ता नको, हा त्याचा विचार होता. कुंभारीत दोन खोल्या घेऊन तो, बायको केराबाई आणि मुलगा बिभीषण असं बिऱ्हाड थाटलं. रोज सकाळी सिटी बसनं शहरात यायचं आणि गाळ्यात बसायचं.

बसायचं म्हणजे दरबार भरवायचा. गिऱ्हाईक हा प्राणी त्याला मुळातच अडाणी वाटे. कुणी घोंगडी हातात घेऊन 'टोचते हो' म्हणालं की तो शांतपणे घोंगडी परत घेई आणि सांगे, "घोंगडी टोचत न्हाय. तुमचं अंग मऊ झालंय. त्येला वखद-औशिद न्हाय." पाठदुखीसाठी घोंगडी घ्यायला आलेल्या एका बँकेच्या साहेबाला त्यानं बजावलं होतं, की हिच्यावर झोपून पाठ थांबली तर ती घोंगडीची करामत, आणि नाही थांबली तर पाठीत खोट. आश्चर्य म्हणजे असल्या बोलण्यावर लोक घोंगड्या घेऊन जात.

खरी करामत त्याच्या बोटांत होती. डोळे मिटून तो लोकरीवरून बोटं फिरवी आणि ही जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, ही म्हाताऱ्या मेंढीची, हिच्यात गिरणीचं सूत मिसळलंय, असं एकेक सांगून मोकळा होई. श्रीशैलनं एकदा परीक्षा म्हणून त्याच्या हातात कापसाच्या गुंडाळीचा तुकडा ठेवला. बिरदेवनं डोळे न उघडता सांगितलं, की हे तुमच्या दुकानातलं हाय आणि जुनं हाय. गुंडाळीची मुदत खरंच संपलेली होती.

आता श्रीशैलविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. औषधनिर्माणशास्त्राची पदविका काचेच्या चौकटीत लावून तो बावीस वर्षं त्या गल्लीत बसला आहे. गल्ली त्याला डॉक्टर म्हणते. पहिलं वर्षभर तो 'अहो, मी डॉक्टर नाही' असं सांगायचा. दुसऱ्या वर्षी त्यानं सांगणं सोडलं. तिसऱ्या वर्षापासून कुणी नुसतं श्रीशैल म्हटलं तर त्याला ऐकू येईनासं झालं. दार न उघडता, नाडी न बघता, रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलेल्या दुखण्यावर तो औषध काढून देई, आणि दहातल्या आठांना बरंही वाटे. उरलेले दोघे पुन्हा येत नसत, म्हणून तो धरून चालला होता की तेही बरे झाले.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी बिरदेवनं रस्ता ओलांडून काउंटरवर दोन्ही हात ठेवले. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी कोरडी पडली होती आणि बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. घोंगडी ताठ बसावी म्हणून तिला चिंचोक्याची खळ लावतात. त्या वर्षी माल जास्त होता, सगळी खळ त्यानं हातानं लावली होती आणि रोज संध्याकाळी हात धुण्याच्या सोड्यानं घासले होते. श्रीशैलनं यातलं काही विचारलं नाही. मागं वळून त्यानं फळीवरून एक ट्यूब काढली आणि सकाळ-संध्याकाळ लावा म्हणून सांगितलं. ते स्टिरॉइडचं मलम होतं. खाज, गजकर्ण, पुरळ, घामोळं, नवऱ्या मुलीच्या गालावरचा डाग, कशालाही श्रीशैल तेच द्यायचा. चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं हे त्याला पाठ होतं, जसं रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं हे सगळ्यांना पाठ असतं.

पहिले दहा-बारा दिवस छान गेले. मग हात लाल झाले, सुजले, बोटांच्या मधे बारीक फोड आले आणि त्यांतून पाणी गळायला लागलं. मलम लावलं की आग व्हायची. इथे कुणीही ट्यूब फेकून दिली असती. पण बिरदेव मेंढरांत वाढलेला माणूस होता. खरजेच्या मेंढीला औषध चोपडलं की ती उड्या मारते, झाडाला अंग घासते, मालकाला ढुशी देते. जी मेंढी उड्या मारत नाही तिला औषध लागलं नाही असं समजून पुन्हा चोपडायचं, हे त्याच्या वाडवडिलांपासूनचं शास्त्र होतं. त्या शास्त्राप्रमाणे आग होते आहे म्हणजे औषध कामाला लागलं आहे. त्यानं दोनाऐवजी चार वेळा लावायला सुरुवात केली.

श्रीशैललाही यात काही गैर वाटलं नाही. बरं वाटत नाही म्हणजे औषध कमी पडतंय, असा त्याचा हिशेब. त्यानं आणखी कडक ट्यूब दिली. मग त्याहून कडक. लाल पट्टीची, निळी, सोनेरी टोपणाची. नावं आणि खोकी वेगळी होती, आत सगळी एकाच घराण्यातली चुलतभावंडं होती. बिरदेव समोरून नुसता हात वर करून दाखवी आणि श्रीशैल ट्यूब भिरकावी. बिरदेव ती झेलायचा, पुढे पुढे हात सुजल्यामुळे झेलता येईना, तेव्हा केराबाई येऊन न्यायला लागली.

हातांविषयी गल्लीत मतं तयार झाली. पानवाल्याच्या मते पाणी बदललं होतं, शेजारच्या शिंप्याच्या मते वांग्यामुळं होत होतं. पण बिभीषणनं जे सांगितलं ते सगळ्यांना पटलं. बिभीषण टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला कॉम्प्युटरवर असतो आणि बोलताना बोट उचलतो. तो म्हणाला, दादांना लोकरीची ॲलर्जी आहे. दिवसभर लोकरीत हात, दुसरं काय होणार? कुंभारीच्या रस्त्यावरच्या एका डॉक्टरनंही हात लांबूनच बघून तेच सांगितलं आणि लोकर बंद करा म्हणून बजावलं.

बिरदेवला ते पटत नव्हतं. बोटांची कातडी जाड झाली होती. डोळे मिटून लोकर ओळखायला गेला तर आता जावळ आणि जाडी लोकर त्याला सारखीच लागे. गिऱ्हाइकं हातांकडे बघून मागं सरकत. एका बाईनं तर घोंगडी पसंत करून सांगितलं, की तेवढी काठीनं ढकला, हात लावू नका. त्या दिवशी तो गिऱ्हाइकाला काहीही बोलला नाही. श्रीशैलनं रस्त्यापलीकडून हे बघितलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला समोरचा गाळा शांत वाटला.

शेवटी बिभीषणनं निकाल दिला. चैत्रातली गावची जत्रा झाली की दुकान बंद करायचं. केराबाई ट्यूब न्यायला आली तेव्हा तिनं श्रीशैलला हे सांगितलं. पोरगं काळजीनं म्हणतंय, त्याला तरी काय बोलायचं, असं ती म्हणाली. मग पिशवीत ट्यूब टाकता टाकता थांबली.

"पर भाऊ, लोकर सुटली तर ह्ये मानूस घरात बसून भिताडाला धडका दील. मेंढरावानी."

जत्रेला बिरदेवच्या भावकीकडे बिरोबाच्या पालखीचा मान असतो आणि त्या मानाबरोबर एक नेम असतो. नऊ दिवस अंगाला भंडाऱ्याशिवाय काही लावायचं नाही. साबण नाही, तेल नाही, औषध नाही. निजायचं घोंगडीवर, पांघरायची घोंगडी, आणि पालखी उचलताना खांद्यावरही घोंगडीच. बिरदेवनं नेम चोख पाळला. ढोल मात्र त्याला वाजवता आला नाही, पाचव्या दिवसापर्यंत. सहाव्या दिवशी त्यानं वाजवला.

दहाव्या दिवशी तो शुक्रवार पेठेत परतला आणि गाळा न उघडता थेट मेडिकलमध्ये आला. त्यानं काउंटरवर हात ठेवले. सूज उतरली होती, पाणी सुकलं होतं, भेगा मिटत आल्या होत्या, हळदीचा पिवळा रंग अजून नखांत होता.

"बिरोबानं हात धरला बगा डाक्टर," तो म्हणाला. "तुमच्यानं चौदा म्हयन्यांत झालं न्हाय."

श्रीशैल म्हणाला, की तुमच्या देवाला माझ्याकडे कामाला पाठवा, पगार देतो. दोघे हसले. जाताना बिरदेव परत वळला. पुन्हा उठायला नको म्हणून आधीच एक ट्यूब लावून ठेवतो म्हणाला. श्रीशैलनं दिली.

तिसऱ्या दिवशी हात पुन्हा लाल झाले. बिभीषण म्हणाला, बघा, लोकरीत हात घातला आणि आलं.

श्रीशैलही तेच म्हणणार होता. पण बिरदेवनं जत्रेचं वर्णन त्याला तीन वेळा ऐकवलं होतं, आणि त्या वर्णनात नऊ दिवस लोकरीशिवाय दुसरं काही नव्हतंच. अंगाखाली लोकर, अंगावर लोकर, खांद्यावर लोकर. लोकरीनं हे होत असतं तर नवव्या दिवशी बिरदेवला पालखीतच घालून आणावं लागलं असतं. साबण आणि तेल सोडलं तर नऊ दिवस त्याच्याजवळ नव्हती ती एकच वस्तू होती, आणि ती श्रीशैलच्या मागच्या फळीवर रांगेत उभी होती.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानं एक खोकं उघडून आतला कागद बाहेर काढला. बावीस वर्षांत त्यानं असा कागद कधी उलगडला नव्हता. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेला तो कागद त्यानं भिंगाखाली धरला. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, की यातल्या कुठल्याही घटकाची ॲलर्जी असलेल्यांनी हे वापरू नये, आणि त्या घटकांच्या यादीत पहिलं नाव खुद्द स्टिरॉइडचं होतं. श्रीशैलला हे अन्यायाचं वाटलं. ॲलर्जी झाली की जे औषध द्यायचं त्याचीच ॲलर्जी, म्हणजे आगीच्या बंबानंच घराला आग लावण्यासारखं झालं. त्यानं कागदाची होती तशी घडी घालायचा प्रयत्न केला. ती कुणालाही आजवर जमलेली नाही.

पुढचे चार दिवस तो काही बोलला नाही. ग्राहकांना सुट्टे पैसे चुकीचे देत राहिला. पाचव्या दिवशी त्यानं बिरदेवला एवढंच सांगितलं, की मोठ्या दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरला दाखवू, मी बरोबर येतो. बिभीषणलाही ते आवडलं. तिथं लोकरीचं नाव कागदावर लिहून मिळालं की वाद मिटला.

त्वचा विभागात डॉक्टर पूनम होत्या. तिशीच्या असतील, दिसत होत्या त्याहून लहान, आणि बिरदेवनं त्यांना आधी विचारलं, की म्याडम कधी येणार. त्यांनी सगळ्या ट्यूबा टेबलावर ओतायला सांगितल्या. दोन पिशव्या निघाल्या. त्यांनी एकेक ट्यूब उलटून नाव वाचलं.

"हे कुणी दिलं?"

बिरदेवनं अभिमानानं शेजारी बोट दाखवलं. "आमच्या डाक्टरनं."

कुठले डॉक्टर, असं विचारेपर्यंत श्रीशैल भिंतीवरचं कुष्ठरोगाचं पोस्टर वाचायला उठला होता. त्यानं ते खालच्या छापखान्याच्या नावासकट वाचलं.

डॉक्टर पूनम यांनी फार काही सुनावलं नाही. पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी करू म्हणाल्या. एकेका खाचेत एकेक वस्तू. मलमातलं स्टिरॉइड वेगळं, त्याची दोन भावंडं वेगळी, मलम टिकावं म्हणून घालतात ते वेगळं, वासाचं वेगळं, मलमाचा नुसता पाया वेगळा. आणि बिरदेवनं पिशवीतून आणलेला काळ्या लोकरीचा पुंजका, तोही एका खाचेत. दोन दिवस अंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं नाही. ज्याची ॲलर्जी असेल त्याच्याखाली कातडी लाल होईल.

सोलापुरात, एप्रिलमध्ये, घाम येऊ द्यायचा नाही. केराबाईनं दोन दिवस नवऱ्याला पंख्याखाली पालथा घातला आणि वर सुपानं वारा घातला. तो पडल्या पडल्या कुरकुरत होता, की मेंढी आजारी पडली तर तिला एवढं कुणी करत न्हाय. केराबाई म्हणाली, मेंढी दूध देते.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. पाठीवर काहीच नव्हतं. लोकरीची जागा कोरी होती, आणि बाकीच्या सगळ्या जागाही कोऱ्या होत्या. बिरदेवनं सदरा घालायच्या आत बिभीषणला सुनावलं, की आता बोल. बिभीषणनं बोट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. श्रीशैलचा जीव भांड्यात पडला. लोकर निर्दोष सुटली त्याच दारानं मलमही सुटलं होतं. बावीस वर्षांची डॉक्टरकी शाबूत होती.

पण डॉक्टर पूनम म्हणाल्या, सातव्या दिवशी पुन्हा यायचं. स्टिरॉइडची पट्टी लबाड असते. ते औषधच लाली दाबणारं, त्यामुळे ज्याला त्याचीच ॲलर्जी आहे त्याच्या पाठीवरही सुरुवातीला ते स्वतःची खूण स्वतःच पुसून टाकतं. त्याचा जोर ओसरला की खूण वर येते. म्हणून बऱ्याच जणांचं हे सापडतच नाही, दुसऱ्या दिवशी पाठ कोरी बघून ते घरी जातात. आणि हे सापडणं गरजेचं आहे, कारण अशा माणसाला उद्या कुणी दम लागला म्हणून किंवा गुडघा दुखतो म्हणून त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं, तर नुसत्या हातांवर भागणार नाही. सगळं अंग उठेल, जिवावरही बेतू शकतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी बिरदेव गाळ्यात मजेत बसला होता. श्रीशैल रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेला. अकरा वर्षांत तो उलट्या बाजूनं फार वेळा आला नव्हता, बहुतेक बिरदेवच यायचा.

उद्या जायचं आहे, असं त्यानं सांगितलं. बिरदेव म्हणाला, कशाला, लोकर सुटली की. दोन दिवस पालथा पडलो तेवढं बास झालं. पोरगं गप झालंय, दुकान ऱ्हातंय, आता म्याडमला कशाला तरास. हात काय, होतील हळूहळू. नाहीतर तुमी देता की ट्यूब.

श्रीशैलनं मान डोलावली असती तरी चाललं असतं. बिरदेव गेला नसता, पाठीवर काय उठलं ते सदऱ्याखाली राहिलं असतं आणि चार दिवसांत पुसलं गेलं असतं. कुणी त्याला कधी विचारलं नसतं. तो एका घोंगडीच्या दशा मोजत उभा राहिला.

"मामा, लोकर सुटली. पण कुणाला तरी धरलं पाहिजे ना."

"आता कोन ऱ्हायलंय?"

"मी राहिलोय," श्रीशैल म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. नऊ दिवसांचा नेम, भिंगाखालचा कागद, तिसऱ्या दिवशी परत आलेली लाली. चार दिवस गप्प राहिलो तेही सांगितलं. मेंढी उड्या मारत होती ती औषध लागू पडल्यामुळं नव्हे, औषधच बाधल्यामुळं, असं त्यानं बिरदेवला समजेल अशा भाषेत सांगितलं. बिरदेव हातांकडे बघत ऐकत होता. समोरच्या पानवाल्यानं दोनदा मान लांब करून बघितली.

"त्या दिशी म्याडमनं ईचारलं कुनी दिलं म्हनून," बिरदेव शेवटी म्हणाला, "तवा तुमी भिताडावरचा कागुद वाचत व्हता. त्यो ह्येच्यापायी व्हय?"

"होय."

"मला वाटलं तुमाला शिकायची आवड हाय."

बिरदेवनं एक घोंगडी झटकली, पुन्हा घडी घातली, आणि सकाळची बस किती वाजता आहे ते विचारलं.

सातव्या दिवशी पाठीवर दोन ठिकाणी लाल, उंचवट्याचे, बारीक पुरळ आलेले ठिपके होते. एक मलमातल्या स्टिरॉइडचा, दुसरा त्याच्या एका भावंडाचा. तिसरं भावंड निर्दोष निघालं. पाया कोरा, वास कोरा, लोकर कोरी. डॉक्टर पूनम यांनी एका कार्डावर दोन्ही औषधांची नावं ठळक लिहिली. ट्यूब, गोळी, इंजेक्शन, नाकातला फवारा, काहीही घ्यायच्या आधी हे कार्ड दाखवायचं, असं बजावलं. स्टिरॉइडची गरज पडलीच तर कुठलं चालेल तेही तपासून ठरवता येतं, सरसकट घाबरायचं नाही, असंही सांगितलं. हे कमी जणांना होतं, पण होतं, आणि कुणाला शंका येत नाही म्हणून वाढत जातं. सध्या काही लावायचं नाही, साधं पांढरं व्हॅसलीन सोडून. आणि खळ हातानं लावायची नाही, सोड्यानं हात धुवायचे नाहीत.

बिभीषणनं विचारलं, मग हे मुळात सुरू कशानं झालं होतं.

"खळ आणि सोडा," त्या म्हणाल्या. "हात कोरडे पडले होते, एवढंच. व्हॅसलीननं पंधरा दिवसांत बरं झालं असतं."

खोलीतल्या सगळ्यांनी श्रीशैलकडे बघितलं. बिरदेव तेवढा पंख्याकडे बघत होता.

त्यानंतर मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळेनाशी झाली. डॉक्टर बिघडला, अशी गल्लीत कुजबूज झाली. श्रीशैल आता आलेल्या माणसाला आधी हात कशानं धुता ते विचारतो, आणि लोकांना ते फार खाजगी वाटतं. बिरदेवनं एका अक्षरानंही राग काढला नाही. त्यानं फक्त प्रत्येक गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि त्याच्या सांगण्यात ट्यूबा आधी दोन पिशव्या होत्या, मग पोतं झालं, आणि दसऱ्यापर्यंत टेम्पो झाला. श्रीशैलनं त्यावर हरकत घेतली नाही. एकोणपन्नास अंशांचा माणूस हरकत कुठल्या तोंडानं घेणार. गिऱ्हाइकं गोष्ट पुरी ऐकत आणि बहुतेक रिकाम्या हातानं जात.

दीड महिन्यात हात साफ झाले. पावसाळा संपता संपता बोटांची कातडीही मऊ झाली, आणि एका दुपारी त्यानं डोळे मिटून चार घोंगड्यांवरून बोटं फिरवली आणि चारही बरोबर ओळखल्या. केराबाईनं त्या दिवशी गाळ्यात येऊन बसून दुपारचं जेवण केलं. लोकरीचं नाव बिभीषणनं पुन्हा काढलं नाही.

दिवाळीनंतर बिरदेवनं दुकान बंद केलं. हातांचा काही संबंध नव्हता. घोंगड्या खपत नव्हत्या.